पैलीचे पाय

केरळातल्या कुट्टनाडच्या त्या बेटावर वरीदइतकं पांढरंशुभ्र मुंडू कुणी नेसत नसे. बावीस वर्षं तो चर्चचा कारभारी होता. रविवारी मुलांना धर्मशिक्षणही तोच देई. देव माणसाचं रूप बघत नाही, मन बघतो, हा धडा तर तो असा रंगवून सांगे की मागे उभ्या आयाही डोळे पुसत. आणि दर वर्षी ईस्टरआधीच्या, पेसहाच्या गुरुवारी अच्चन, म्हणजे चर्चचे फादर, ज्यांचे पाय धुतात, ते बारा पुरुष निवडायचं कामही त्याचंच.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पण वरीदच्या यादीतले बाराही जण घरूनच साबणानं पाय घासून, नखं कापून यायचे. फोटो सभागृहात लागायचा, आखातात नोकरीला गेलेली गावची पोरं मोबाइलवर बघायची. तिथं मळके पाय कसे चालतील?

पैलीचे पाय म्हणजे नुसता चिखल. नदीत बुडी मारून तळाचा गाळ काढायचा आणि शेतांचे बांध लिंपायचे, हा त्याचा जन्माचा धंदा. टाचांना काडी जाईल एवढाल्या भेगा. पुराच्या वर्षी वरीदच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला यानंच पाठुंगळी घेऊन छातीभर पाण्यातून बाहेर काढलं होतं. त्याबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही. मागणं एकच, तेही दर वर्षी डोकं खाजवत, वरीदला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत.

"चेट्टा, यंदा मला बसवता का त्या बारांत?"

"तुझे पाय धुता धुता अच्चनना पुढचा ईस्टर उजाडेल रे," वरीद म्हणे. लोक हसत. पैलीही हसे.

एका वर्षी वरीद कंटाळून म्हणाला, "बरं, ये बाबा. पण पाय माणसात आणून ये. माझी लाज काढू नकोस."

पैली कामाला लागला. रोज संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून विटेच्या तुकड्यानं टाचा घासायचा, पार कातडं सोलवटून रक्त येईस्तोवर. बायको त्रेस्या करवादायची. "अगं, जन्मात एकदाच तर बसायचंय," तो म्हणायचा. आणि सकाळी त्याच उघड्या जखमा घेऊन बांधाच्या पाण्यात उतरायचा.

गुरुवारी बारावी खुर्ची रिकामी राहिली. "ढोसून पडला असेल कुठंतरी," असं म्हणत वरीद तणतणला आणि त्यानं इस्त्रीच्या कपड्यातल्या आपल्या पुतण्याला तिथं बसवलं. सोहळा झकास झाला.

पैली तेव्हा इस्पितळात तापानं फणफणत होता. लेप्टो, असं डॉक्टर म्हणाले. उंदरांनी नासवलेलं पाणी पायांच्या जखमांतून अंगात भिनलं होतं. शनिवारी सकाळी तो गेला.

अंगणात शवपेटी ठेवली होती. तिथल्या रीतीप्रमाणे पैलीच्या पायांत पांढरे मोजे घातले होते. वरीद जवळ आला तशी त्रेस्या हळूच म्हणाली, "तापातसुद्धा विचारत होते, चेट्टा रागावले का म्हणून. पाय मात्र छान झाले होते हो. बघायचेत?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच दाखवायचे होते. तिनं एक मोजा खाली ओढला. टाच गुळगुळीत होती, ठिकठिकाणी लाल.

वरीद मटकन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं त्या टाचेवर ओठ टेकले. याला मी मारलं, हे साऱ्या गावासमोर सांगायचं त्यानं ठरवलं. तोंड उघडणार, तोच मागून कुणी बाई बोलली, "बघा गं, एवढा मोठा माणूस, पण गरिबाच्या पायांशी बसला. देवमाणूस आहे."

ते त्यानं ऐकलं, आणि जिभेवर आलेलं गिळलं. उठून मुंडूवरची धूळ झटकली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पुढच्याच वर्षी त्यानं कारभार सोडला. तोही लोकांना त्याचा मोठेपणाच वाटला. एकदा तरी खरं सांगावं, असं त्याला दर रविवारी वाटतं. चर्चच्या पायऱ्यांवर त्रेस्या भेटते, विचारते, "बरे आहात ना, चेट्टा?"

"देवाची कृपा," वरीद म्हणतो आणि पुढे जातो.