देवक बसलेलं असताना

लग्नानंतरच्या आमच्या फिरतीचे फोटो बघून लोक अजून म्हणतात, "लई मजा केलीसा की!" मी मान डोलावते. फोटोत पाय येत नाहीत हे एक बरं असतं. माझे पाय तेव्हा इतके सुजायचे की संध्याकाळी जोडवी बोटांत रुतायची. हॉटेलात पोचल्या पोचल्या मी आधी पाय नळाखाली धरायची आणि मग खिडकीतून काय दिसतं ते बघायची. तेही नवऱ्यानं हाताला धरून ओढलं तर.

ठरलं होतं पंधरा दिवसांचं, थायलंड आणि कंबोडिया. नवऱ्यानं लग्नाआधी जुनी नोकरी सोडली होती आणि नवी सुरू व्हायला अवकाश होता. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठंही बसून होणारं. कंबोडियातली देवळं बघून झाल्यावर तो म्हणाला, "इथवर आलोच आहोत तर व्हिएतनाम बाजूलाच आहे." व्हिएतनामच्या बाजूला लाओस होतं. आशियात प्रत्येक देशाच्या बाजूला आणखी एक देश आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकानं कधी इतकं पटवून दिलं नव्हतं.

दमलो होतो आम्ही दोघंही, पण ते बोलायचं कुणी? मधुचंद्राचा कंटाळा आला म्हणायचं म्हणजे माणसाचाच कंटाळा आला म्हटल्यासारखं. लांबच्या मधुचंद्राबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, की तिथं चिडायला तिसरं माणूस नसतं. घरात कसं, सासूवर चिडता येतं, नणंदेवर चिडता येतं, कुणी नाही तर दूधवाला असतो. इथं सगळा राग एकाच माणसावर काढायचा आणि परत त्याच्याच शेजारी बसून जेवायचं. हनोईत छत्री कुणी धरायची यावरून आम्ही अख्खी दुपार बोललो नव्हतो. हिरव्या चुड्यातली बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. माझ्या बांगड्या आशियाभर वाढत चालल्या होत्या, एक विमानतळाच्या पट्ट्यावर, एक बसच्या दाराला थडकून, एक नुसतीच, वैतागून हात आपटल्यावर.

घरी मात्र आमच्यामुळं एक वेगळीच अडचण होऊन बसली होती. माझं सासर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचं. आमच्यात लग्नाआधी घरात देवक बसवतात. झाडांच्या पाच डहाळ्या, सुपात तांदूळ, सुपारी, आणि कुलदैवताला लग्नाला येण्याचं बोलावणं. लग्न पार पडलं की नवरा-नवरीनं जोडीनं पाया पडून ते उठवायचं, म्हणजे देवाला निरोप द्यायचा. तोवर ते घर लग्नघरच. चुलीवर मटण चढत नाही. घरच्यांनी मयताला जायचं नाही, आजाऱ्याच्या उशाला बसायचं नाही. एरवी हे दोन-चार दिवसांत उरकतं. आमच्या वेळी लग्नाला लागून अमावास्या आली आणि विमानाची तिकिटं तर आधीच काढलेली. मोठे सासरे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. ते म्हणाले, "येऊन उठवतील. पंधरा दिसानं काय बिघडतंय?" देव बसला तो बसलाच.

पहिल्यांदा बिघडलं ते मटणाचं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असायचा आणि मोठे सासरे फोनमध्ये तोंड घालून विचारायचे, "पावणं, कवा येणार हायसा? शेजारच्या रस्स्याचा वास बी सोसंना झालाय." सगळं घर हसायचं, आम्हीही हसायचो. मग नवरा दरवेळी आईला विचारायचा, "आई, आणि आठ दिवस राहू काय?" सासूबाई मागं बसून मेथी निवडत असायच्या. मान वर न करता म्हणायच्या, "ऱ्हावा की. परत कवा जाणार हायसा?" मला वाटायचं, या बाईनं एकदा तरी 'या आता' म्हणावं. तेवढ्यावर मी बॅग भरली असती.

आमच्या फिरतीत खरा रस होता तो एकट्या मामांना. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, गडहिंग्लजकडच्या एका खेड्यात त्यांचा ऊस. लग्नात फेटा बांधून ते भाच्याच्या मागं उभे होते. तेव्हाच गालफडं बसलेली दिसत होती, पण मी विचारलं तर म्हणाले, "डाएट करतोय सूनबाई. फोटोत शोभायला नको व्हय?" बाकीचे सगळे आम्हाला जेवण मिळतं का एवढंच विचारायचे. मामा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे. तिकडं ऊस हाय का? कांडी किती लांब? म्हशीची शिंगं कसली? त्यांच्यासाठी मी चपला हातात घेऊन चिखलात उतरले आणि म्हशींचे फोटो काढले. गाड्यावर उसाचा रस पिऊन 'आपल्यापेक्षा पाणचट आहे' असं कळवलं, तर त्यांचा खूश होऊन निरोप आला, "मग! आपल्या मातीची सर येतीया व्हय?"

पुढं पुढं त्यांचे निरोप आखूड झाले. नुसतं 'बरं' यायला लागलं, मग तेही बंद झालं. ऊसतोडीचे दिवस होते. माणूस कामात असणार, असं आम्ही धरून चाललो.

लाओसमध्ये नदीकाठी एका हॉटेलात आम्ही नाश्ता करत होतो तेव्हा हुपरीहून नणंदेचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, साधाच.

"वहिनी, दादा जवळ हाय? असू दे, तूच ऐक. आई काय सांगणार न्हाई. मामाचं काय खरं न्हाई आता. पोटात गाठ हाय. डॉक्टरनी घरी न्यायला सांगितलंय."

"अगं, आणि आई? त्या जाऊन आल्या का?"

"आई कशी जाणार? देव बसलाय न्हवं."

मला पहिल्यांदा आला तो रागच. त्या पाच डहाळ्या एव्हाना वाळून काटक्या झाल्या असतील, आणि त्यांच्यापायी बहीण भावाला शेवटचं बघायला जात नाही? आणि रोज आमच्याशी बोलताना एका शब्दानं सांगत नाही? मी नवऱ्यावरच तोंड टाकलं, "तुमच्या घरात माणसं राहतात की नुसते नियम?" त्यानं ताटली बाजूला सारली आणि फोनवर तिकिटं बघायला लागला. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्याच्या मामांच्याच मळ्यात गेलेल्या. दोनदा चुकीची तारीख टाकली त्यानं, शेवटी तिकिटं मी काढली.

लाओसहून बँकॉक, बँकॉकहून बंगळूर, बंगळूरहून कोल्हापूर. मधला सगळा वेळ लोखंडी खुर्च्यांवर. त्या प्रवासात आम्ही एकदाही भांडलो नाही. भांडायलाही अंगात काही लागतं. तो मधेच म्हणायचा, "मामा तेवढं थांबले पाहिजेत," आणि मी म्हणायची, "थांबतील." आम्ही पोचायचं, देवक उठवायचं, आईंना गाडीत घालायचं आणि मामा आहेत तोवर त्यांच्यासमोर नेऊन बसवायचं, एवढंच डोक्यात होतं.

विमानतळ घराला लागूनच, त्यामुळं दुपारी उतरलो ते लगेच दारात. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "एवढ्यात का आलासा?"

मी म्हटलं, "आई, देवक आत्ताच उठवू या. गाडी बाहेर उभी आहे."

"अशीच? न्हाणं न्हाई, धुणं न्हाई. देव हाय त्यो."

म्हणून आम्ही आंघोळी केल्या. बाहेर येते तर सासूबाईंनी डाळ शिजत टाकलेली. निवदाला पुरणपोळीच पाहिजे. मोठे सासरे कोपऱ्यातून म्हणाले, "नुसता दहीभात दाखवा की," तर त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. डाळ शिजली, पुरण वाटून झालं, मग कणीक मळायला बसल्या त्या मळतच राहिल्या. दोन रात्रींच्या जागरणानं माझं डोकं ठणकत होतं. ती परात त्यांच्या पुढ्यातून ओढून घ्यावी असं मला वाटत होतं, आणि नवी सून नसते तर घेतलीही असती. शेवटी निवद झाला, आम्ही जोडीनं पाया पडलो, सूप हलवलं, डहाळ्या विहिरीत सोडल्या. इतके दिवस अडून बसलेलं काम अर्ध्या तासात संपलं.

गाडीतही तेच. कागलला त्यांना चहा पाहिजे झाला. निपाणीत फुलं घ्यायची होती. संकेश्वर गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "जरा थांबव. मोकळ्या हातानं कसं जायाचं? शहाळी घेऊ." नवरा मुकाट्यानं उतरून गेला आणि गाडीत आम्ही दोघीच राहिलो. माझा संयम संपला.

"आई, आम्ही जीव तोडून पळत आलो आणि तुम्हाला शहाळी सुचतात? एक फोन केला असता तर आम्ही कधीच आलो असतो. मग हे देवक तुमच्या आड आलं नसतं."

खिडकीबाहेर उसाचा ट्रॅक्टर चालला होता, सासूबाई तिकडं बघत राहिल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही पुरुषांसारखं 'आलो, गेलो' असंच म्हणतात, तशा बोलल्या.

"देव आड आला न्हाई गं पोरी. देवाआड मी बसलो. त्यो बसलाय तवर मला कोन 'चल' म्हणू शकत न्हवतं. म्हणून तर तुमास्नी ऱ्हावा, ऱ्हावा म्हणत हुतो. आई गेली तवा त्यो रांगत हुता. ह्या कमरंवर वाढीवलाय त्याला. म्या जाऊन बघितलं की ते खरं झालं. न्हाई गेलो तवर त्यो मळ्यात हाय, ऊस तोडतोय, कुनाला तरी शिव्या घालतोय, असं धरून चाललोतो."

फोन आल्यापासून मी त्या काटक्यांवर चिडत होते, नियमांवर चिडत होते. आम्ही दोघं 'दमलो' म्हणायला भिऊन एकेक देश पुढं जात होतो आणि ही बाई इकडं एकेक दिवस पुढं ढकलत होती. त्यांचा हात सीटवर माझ्या बाजूलाच होता. मी तो धरला. नखांत कणीक तशीच होती, धुवायचंही भान राहिलं नव्हतं त्यांना. नवरा शहाळी घेऊन आला तरी आम्ही तशाच बसलो होतो. त्यानं गाडी सुरू केली.

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, ते इथंच सांगून टाकते. पण त्या संध्याकाळी होते. बाहेरच्या सोप्यात कॉटवर पडलेले, पांघरुणाखाली माणूस आहे हे नीट निरखल्यावरच कळावं इतके उतरलेले. मामी दारातच रडायला लागल्या. मामांनी आमच्याकडं, लांबून आलेल्या भाच्याकडंसुद्धा, बघितलं नाही. त्यांची नजर बहिणीवर होती.

"अक्का," ते म्हणाले, "लई उशीर केलास."

सगळं घर सासूबाईंकडं बघायला लागलं. आता त्या देवकाचं सांगतील, आणि सांगितलं असतं तर कुणी नावही ठेवलं नसतं. दोष आमचा आहे, आम्हीच फिरत बसलो, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं. त्यांनी मला हातानंच गप्प केलं आणि कॉटपाशी गेल्या.

"व्हय रं," त्या म्हणाल्या, "भ्यालतो."

हातावर जोर देऊन, मधे दम खात, मामा भिंतीकडं सरकले आणि त्यांनी कॉटवर बहिणीला बसायला जागा केली.