जोमाबाबाचा कौल

जोमाबाबाला काहीही विचारलं, अगदी 'चहा घेणार का' एवढं जरी, तरी तो आधी स्वतःच्या उजव्या खांद्याकडे बघायचा, मग डाव्या खांद्याकडे, आणि मगच उत्तर द्यायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याची मान आखडली असावी. मी तेव्हा नवाच मास्तर, साताऱ्याकडचा, नोकरीपायी तळवलीच्या पलीकडे खाडीला टेकलेल्या त्या गावात येऊन पडलेला. मी त्याला मानेला चोळायला तेल सुचवलं. तो हसला नाही. "मान बरी हाय मास्तर," तो म्हणाला. "पाकली हाय का परली, ता बगतो." त्याच्या खांद्यावर काहीच नव्हतं.

नंतर कळलं की जोमाबाबा गावदेवीचा भगत होता. गावदेवी म्हणजे खाडीच्या बांधावर उभी असलेली, शेंदूर फासलेली एक शिळा. गाव तिला नुसतं आय म्हणायचं. काही अडलं की जोमाबाबा जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून शिळेच्या दोन खांद्यांना चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा कौल. लग्नं, आजारपणं, होड्या पाण्यात घालायचा दिवस, सगळं त्यावर ठरे. आणि निवडणूकसुद्धा. वर्तमानपत्रात आपण 'मतदारांचा कौल' वाचतो ते शब्दापुरतं. इथे कौल शिळा द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव एकाच निशाणीवर शिक्का मारून यायचं. "मत मानसाचा, कौल आयचा," असं जोमाबाबा म्हणायचा. त्याचं आणखी एक वाक्य होतं: "इचारल्याबिगर बोलू नये, नि बोलल्यावर इचारू नये." वर्गातल्या पोरांना मी हेच वेगळ्या शब्दांत सांगायचो आणि ती ऐकायची नाहीत. त्याचं मात्र सगळे ऐकायचे.

हे उमेदवारांनाही ठाऊक होतं. त्यामुळे जीपगाड्या ग्रामपंचायतीच्या आधी बांधावर येत. शहरातले इस्त्रीचे पुढारी चपला काढून चिखलात उभे राहायचे आणि जोमाबाबा त्यांना उन्हात ताटकळत ठेवायचा. मला त्यात मोठी मौज वाटायची.

त्या वर्षी मात्र मौज नव्हती. भातखाचरं नव्या शहरासाठी गेली होती, मिठागरं बंद पडली होती. हमरस्त्यावरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायचं आणि जाळ्यात मासळीपेक्षा घाण जास्त यायची. तरणी पोरं त्याच कारखान्यांच्या फाटकावर वॉचमन झाली होती. गावाजवळ उरलं होतं ते होड्या लागायचं बंदर आणि आयची जागा. आता नव्या रस्त्याची आखणी नेमकी त्यावरून आली होती. बेलापूरकडचा एक वकील विधानसभेला उभा होता, निशाणी छत्री. तो म्हणाला, "निवडून द्या, आखणी फिरवून आणतो. आयची जागा सुटेल, बंदर सुटेल." दुसरा ठाण्याचा शेठ, निशाणी शिडी. रस्त्याला लागणारी खडी त्याच्याच खाणीतली होती. मी तर म्हणत होतो, यात देवीला विचारायचं काय आहे?

पण विचारायचं ठरलं. भर दुपारी, ओहोटीच्या वेळी. मीही गेलो. खाडी लांब सरली होती, चिखल काळा पडला होता आणि त्यावर एक खेकडा नव्हता, एक बगळा नव्हता. गावाची कुत्री आमच्यामागून आली आणि बांधाच्या अलीकडेच बसून राहिली. जोमाबाबाने उजवी पाकळी वकिलाच्या नावाने लावली, डावी शेठच्या. "आये, जो तुना पायजे त्याची पाकली टाक," तो म्हणाला.

पाकळ्या पडेनात. वारा चांगला सुटला होता. बायांचे पदर फडफडत होते, माझी टोपी दोनदा उडाली, पण त्या दोन पाकळ्यांची कड हलली नाही. ऊन कलायला लागलं. मी या गोष्टी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो, पण खरं सांगतो, मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता.

शेवटी जोमाबाबाने उजव्या खांद्याकडे पाहिलं, डाव्याकडे पाहिलं. "आयनी दोनी ठेवल्या," तो म्हणाला. गाव उठून घरी गेलं. कुणी काही विचारलं नाही. बोलल्यावर विचारायचं नसतं.

मतदान माझ्याच शाळेत होतं. मी बाहेर पिंपळाखाली बसलो होतो. रांग सकाळीच लागली आणि दुपारपर्यंत बहुतेक गाव मोकळं झालं. जोमाबाबा अगदी शेवटी आला. बाहेर आल्यावर बोटाची शाई दाखवत माझ्याजवळ टेकला. किती दिवसांनी त्याचा चेहरा निवांत दिसत होता.

"झाला मास्तर. दोगांचाबी मान राखला."

"दोघांचा म्हणजे?"

"छत्रीवर एक शिक्का, शिरीवर एक. आयनी दोनी ठेवल्या ना? मंग आमी एकाला कसा टाकू? आख्ख्या गावानी तसाच केलाय."

दोन निशाण्यांवर शिक्का म्हणजे मत बाद, हे मी त्याला सांगितलं. त्याने खांद्यांकडे पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं. असं त्याने पहिल्यांदाच केलं होतं.

वकील पडला. थोडक्यात पडला, आमच्या गावाच्या मतांनी तरला असता. आखणी त्याला फिरवता आली असती की नाही देव जाणे, पण गावाने ती आशा स्वतःच्या हाताने बाद केली होती.

निकालाच्या दिवशी जोमाबाबा मला बांधावर घेऊन गेला. पाकळ्या अजून शिळेवर होत्या. सुकल्या नव्हत्या. आत्ता कुणी पाण्यातून काढून लावाव्यात तशा लाल आणि ओल्या होत्या. जोमाबाबाने शिळेवर हात ठेवला आणि माझाही हात धरून ठेवला. दिवसभर ऊन खाल्लेला तो दगड विहिरीतल्या पाण्यासारखा गार होता.

"आय इथं नाय, मास्तर," तो म्हणाला. "कवाच उठून गेली. खेकरं गेलं, बगलं गेलं, तवाच गेली. आमी दगराला इचारीत व्हतो." मग माझा हात न सोडता, "का हाय ती, नि मीच चुकलो?"

मला फार वाईट वाटलं. मी हात तसाच दगडावर राहू दिला.

रस्ता झाला. शिळा उचलून कडेला टाइल लावलेल्या छोट्या देवळात बसवली. जोमाबाबा तिकडे कधी फिरकला नाही. पुढच्या निवडणुकीला एकही जीप गावात वळली नाही. मतं आता सेक्टरांमधल्या सोसायट्यांत होती आणि तिथल्या लोकांना कौल म्हणजे घरावरचं कौल एवढंच माहीत. मीही बेलापूरला अशाच एका सोसायटीत राहायला गेलो.

काही वर्षांनी जोमाबाबाच्या सुनेने निरोप धाडला. गेलो तर तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता, उघडाच, हाडं तेवढी उरलेली. दारातल्या जास्वंदीकडे बोट दाखवून म्हणाला, "दोन पाकल्या आना. नि भिजवा." मी आणल्या. त्याने आपले खांदे दाखवले. "लावा. नि इचारा आयला, जोमा चुकला काय? उजवी परली तं चुकला."

माझ्यासारख्या माणसाने हे करावं का, असा विचारसुद्धा मनात आला नाही. मी पाकळ्या लावल्या आणि मोठ्याने विचारलं. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. त्याचा श्वास चालला होता तशा पाकळ्या किंचित हलत होत्या. मी उजवीवरून नजर काढत नव्हतो. ती पडू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

दोन्ही पाकळ्या जागच्या जागी राहिल्या. सून चहा घेऊन आली, आमच्याकडे बघत दारातच उभी राहिली. अंगणातून वारा आला, दांडीवरचं लुगडं हललं. पाकळ्या हलल्या नाहीत. मी तसाच वाट बघत बसलो होतो. मग सुनेने चहाचा कप खाली ठेवला आणि पुढे होऊन सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "अंग गार लागतंय."