न धुतलेली चादर

चादरसर व्हॉलीबॉल शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव होता झोपेवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत भुईगावच्या त्यांच्या वाडीत आम्हा मुलींचा सराव चाले. जेवण झालं की चिकूखाली चटया टाकून ते सगळ्यांना आडवं करायचे. कुणी कुजबुजलं की ओरडायचे, "डोळे मीट गं! झोप हासुद्धा सरावच आहे." पाच मिनिटांत स्वतःच घोरायला लागायचे आणि आम्ही तोंड दाबून हसायचो.

बाहेरगावी सामने असले की त्यांचा एकच नियम. प्रत्येकीने घरची वापरातली चादर आणायची, न धुता. "परक्या जागी उशाला घरचा वास लागतो, पोरींनो." चादरसर हे नाव त्यावरूनच पडलं.

नाशिकला राज्याच्या संघाची निवड होती. घराबाहेर मला झोप येत नसे, आणि झोप झाली नाही की चेंडू हाताला नीट लागत नसे. पण चारचौघांत मळकी चादर न्यायची म्हणजे माझ्या आईला मेल्याहून मेल्यासारखं! तिने ती खसाखसा धुतली, वर इस्त्रीही केली. झालं, रात्रभर मी टक्क जागी.

सकाळी सरांनी माझे डोळे पाहिले, मग चादर हुंगली. "आई फारच टापटिपीची दिसते तुझी," म्हणाले आणि दुपारी स्वतःची चादर माझ्या अंगावर टाकली. तिला बामाचा, सुक्या बोंबलांचा आणि वाडीतल्या मातीचा वास होता. शी! म्हणता म्हणता माझा डोळा लागला. सामन्यापर्यंत सर आमच्या मुक्कामाच्या शाळेतल्या वर्गाच्या दारात बसून होते, कुणालाही आत न सोडता. त्या संध्याकाळी माझी निवड झाली. आजची माझी नोकरी खेळाडू म्हणूनच मिळालेली आहे, तेव्हा त्या झोपेचे उपकार मी कसे विसरू?

गेल्या वर्षी सर दवाखान्यात होते. "चार दिवस डोळ्याला डोळा नाही गं त्यांच्या," काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या. मी त्यांच्याकडून किल्ली घेतली, भुईगावला गेले आणि सरांच्या खाटेवरची चादर तशीच उचलून आणली. त्यांच्या अंगावर घातली तेव्हा त्यांनी ती नाकाशी नेली.

"धुतली नाहीस ना?"

"नाही, सर."

"शहाणी पोर."

पाच मिनिटांत सर घोरायला लागले. काकू आणि मी तोंड दाबून हसलो, आणि मग दोघीही रडलो.

पुढच्या आठवड्यात सर गेले. काकूंनी ती चादर मला दिली. पापडीला आमच्या घरी ती कपाटात आहे. आईने दोनदा धुवायला मागितली. मी दिली नाही.