तिथे चालतं, इथे नाही

लेक कॅनडाहून सुट्टीला यायची होती. ती बॅग भरत असताना मी फोनवर सांगितलं, "जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून बघ. पर्सचे कप्पेसुद्धा."

"आई, प्लीज! मी काय ड्रग डीलर आहे?"

"तिथे गांजा दुकानात मिळतो. इथल्या विमानतळावर चिमूटभर सापडला तरी तुरुंग."

मी इथे आखातात, जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिचे बाबा मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. लेक इथेच, खैतानमध्ये वाढली, तरी इथल्या कायद्याची धास्ती माझ्याइतकी तिला नाही.

ती आली. शुक्रवारी जेवताना बाबांनी सरळच विचारलं, "तू घेतेस का ते?"

"कधीतरी, मैत्रिणींबरोबर. तुम्ही पुण्याला गेलात की बिअर घेता, तसं."

ते पापलेटातले काटे काढत बसले. मला राग आला होता, पण तोंडातून नर्सचेच प्रश्न निघाले. एकटी घेतेस? घेऊन गाडी चालवतेस? तिने न चिडता दोन्हीला नाही म्हटलं. मग म्हणाली, "माझं सोड. रूममेटचं काय करू, सांग."

रूममेट इंदूरची, हुशार मुलगी. पूर्वी सुट्टीपुरतं होतं, आता उठल्या उठल्या लागतं. त्यापायी नोकरी गेली.

"तू बोललीस तिच्याशी?"

"काय बोलू? ती म्हणते, इट्स लीगल, दुकानात पावती मिळते. वर मीच जजमेंटल ठरते."

मला आमच्या खैतानच्या इमारतीतली खालच्या मजल्यावरची बाई आठवली. तिच्या नवऱ्याच्या गाडीत चरस सापडला आणि त्याला नेलं. जिन्यात कोणी तिच्याकडे बघेना. उगाच आपलं नाव जोडलं जायचं, ही प्रत्येकाला भीती. मी वरण-भात घेऊन गेले, तर दार अर्धंच उघडून म्हणाली, "सिस्टर, त्याची सवय मला माहीत होती. पण सांगणार कोणाला? मीच त्याला पकडून दिल्यासारखं झालं असतं." पुढे ती मुलाला घेऊन भारतात गेली. नवऱ्याचं काय झालं, कळलं नाही.

हे लेकीला सांगितलं. म्हटलं, "इथे भीतीपोटी कोणी बोललं नाही. तिथे परवानगी आहे म्हणून तू गप्प. अगं, तुझी मैत्रीण डॉक्टरला सगळं खरं सांगू शकते, कोणी तिला उचलून नेणार नाही. एवढी सोय आहे, तर वापरा की!"

लेक बाल्कनीत जाऊन फोनवर बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा डोळे लाल. "चिडली माझ्यावर. फोन ठेवला."

पण लेक परत गेल्यावर दोघी क्लिनिकमध्ये जाऊन आल्या. पूर्ण सुटलेलं नाही. दिवसा घेत नाही आणि काम शोधतेय, एवढं कळलं.

ते ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे तो कायदा चांगला म्हणायचा की वाईट?" इंजिनिअर माणूस, त्यांना एक उत्तर लागतं.

"ती बरी झाली तर चांगला म्हणेन," मी म्हटलं. "पण तो नसता तर तिने उठल्या उठल्या घेतलं असतं का, हेही मनात येतं."

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन त्यांनीच लावला आणि सगळ्यात आधी त्या रूममेटचीच चौकशी केली.