गाणी थांबली तेव्हा
कापलेल्या गवताचा वास आला की चंद्रपूरजवळच्या आमच्या कोळसा वसाहतीतली ती संध्याकाळ आठवते. साहेबलोकांच्या गोल्फ-सरावाच्या मैदानावर तेव्हा नुकतीच सगळ्यांसाठी खेळ, खाणंपिणं आणि मोठ्याने गाणी सुरू झाली होती. पूर्वी चेंडू वेचणाऱ्या बाया आधी वानरांचा कानोसा घेत, मगच गवतात उतरत. त्या संध्याकाळी माझी लेक चेंडू आणायला थेट झाडांपर्यंत गेली आणि वीज गेली. गाणी थांबली, तेव्हा कळलं, वाघ पाहून ओरडतात तशी वानरं केव्हाची ओरडत होती. चेंडू वेचणारी एक बाई लेकीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "पोरी, धावू नको. जंगलाले पाठ नको दाखवू, उलट्या पायानं ये." लेक तशीच माझ्यापर्यंत येत राहिली, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. वाघ कोणालाच दिसला नाही. आजही घरात गाणी लागली की मी मध्येच आवाज बंद करते.