चाबी काढली, तरी ट्रॅक्टर थांबेना

मैत्रिणींनो, आजचं आजच लिहिते. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी वाचाच.

आठवडाभर आमचे हे रोज इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढून खुश व्हायचे. "पाह्य वो, आपला ट्रॅक्टर ऑइल खातच नाही. उलट वाढून राहिलं!" मलाही बरं वाटायचं.

आज धानाच्या बांधीत चिखलणी सुरू होती. जेवायला म्हणून यांनी ट्रॅक्टर बंद केला, तर इंजिन थांबेचना. स्टॉपचा दांडा ओढला, चाबी काढली. आवाज वाढतच गेला, सगळीकडे धूर. बाजूच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया हातातले धानाचे परे टाकून पळाल्या. इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर यांनी ओलं पोतं दाबलं, तेव्हा कुठे इंजिन मेलं. तोवर मी यांचं नाव घेऊन ओरडत होते, लग्नानंतर पहिल्यांदा.

आमगावहून मिस्त्री आला. त्याने पट्टी नाकाला लावली. "हे तं डिझेल आहे." नोझल काढून पाहिले, ते बरे निघाले. मग डिझेलचा पंप पाहिला. "सील गेलं. डिझेल ऑइलमध्ये उतरून राहिलं. ऑइल पातळ झालं, वर चढलं, आन् इंजिन तेच जाळत सुटलं. पंप खोलून सील बदलल्याबिगर चालू करू नका."

आता शेजारचे काका येऊन बसलेत. "पंप मंग खोल, आधी उद्या आमची बांधी करून दे." हे सरळ नाही म्हणायचं सोडून "पाहतो" म्हणाले!

तुमच्या घरचे कसे ऐकतात, सांगा. चाबी मी पदराला बांधून ठेवली आहे. पण चाबीवर आता भरवसा कुठे राहिला?