वळणावरची चौथी खेप

ऑफिसात त्यांना सगळे 'बोटभर' म्हणत. माणूस चांगला सहा फुटी, पण एकवीस वर्षं बोटभर लांबीची माशांची पिल्लं जाळ्यात धरायची, पट्टीवर मोजायची आणि परत नदीत सोडायची, हेच काम केल्यावर दुसरं काय नाव पडणार? उघडी वाळू, दगड, गवत की झाडांची मुळं, पिल्लं काठाला नेमकी कुठे राहतात एवढंच शोधायचं असे. दरवर्षी सगळ्यांत जास्त सापडत ती वळणावरच्या मुळांत.

यंदा मात्र तीन खेपा झाल्या आणि तिन्ही वेळा मुळांतलं जाळं रिकामं आलं. त्यात ती मुळं तोडून त्या काठाला दगडी भिंत घालायचं घाटत होतं. साहेबीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "चौथ्या खेपेला पिल्लं दाखवा, भिंत मी अडवते. नसली तर कुठल्या तोंडाने अडवू?" त्या रात्री बोटभरांना जेवण गेलं नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायकोचा त्यांच्या पायांवर तसाही विश्वास उरला नव्हता. या खेपेला बादली घेऊन ती स्वतःच आली. बोटभर वरच्या अंगाच्या पायऱ्यांवरून, कठडा धरून, पाण्यात उतरले आणि प्रवाहाबरोबर मुळांकडे निघाले.

"अहो, थांबा जरा," काठावरून ती म्हणाली. "तुम्ही ढवळलेला गाळ तुमच्या आधी तिकडे पोचतोय. मी मासा असते तर केव्हाच पळाले असते."

बोटभर जागीच थबकले. खालून वर, प्रवाहाच्या उलट जायचं, हा धडा त्यांनीच आजवर प्रत्येक नव्या माणसाकडून घोकून घेतला होता. पण खालची उतरण निसरडी. नवा गुडघा जपायच्या नादात यंदा ते पायऱ्यांनी उतरू लागले आणि गाळाचा त्यांना पार विसर पडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशातली गत.

पाणी निवळेपर्यंत दोघं काठावर बसून राहिली. मग बायकोचा हात धरून, बसत-घसरत ते खालच्या अंगाने उतरले.

"हे ऑफिसात सांगू नकोस."

"बघते."

त्यांनी मुळांभोवती जाळं फिरवून उचललं. आत नुसती वळवळ. बायकोने बादलीत टाकता टाकता मोजली, त्रेपन्न भरली. बोटभरांचा जीव भांड्यात पडला होता आणि डोळे भरून आले होते. दोन्ही गोष्टी त्यांनी लपवल्या नाहीत.

मोजून झाल्यावर त्यांनी बादली कलती केली. पिल्लं सरळ मुळांत शिरली.

मग त्यांनी आधीच्या तिन्ही खेपांचे तक्ते काढले आणि प्रत्येकावर लिहिलं, 'वरून उतरलो, पाणी ढवळलं. चूक माझी. ही खेप धरू नये.'

बायको वाकून वाचत होती. "मला गप्प राहायला सांगितलंत, आणि स्वतः तीन-तीनदा लिहून देताय?"

"काठ वाचला ना," बोटभर म्हणाले, आणि तिसऱ्या तक्त्याखाली त्यांनी सही केली.